कौसल्याअक्कांची पुडी

१

जोतीराम तात्यांच्या उसाला तोड लागली त्या सकाळी तात्या स्वतः फडात उभे होते. लासुर्ण्यातल्या लोकांना त्याचंच नवल वाटत होतं. गुडघ्यांनी घरात बसवलेला हा माणूस पावसाळा सरल्यापासून पुन्हा बांधावरनं हिंडायला लागला होता. तोडकऱ्यांना "बुडख्याला लावून तोडा रं, वर काय साखर हाय का?" असं दरडावता दरडावता तात्या मध्येच थांबले. पोट धरून वाकले आणि ओकले.

सून राजलक्ष्मी न्याहारी घेऊन बांधावर पोहोचतच होती. तिनं पाहिलं, ओकारी चहाच्या चोथ्यासारखी काळी होती आणि तिच्या कडेला ताजं लाल रक्त होतं. ती ओरडली नाही. भाकरीची पाटी तिथंच टाकून तिनं तात्यांना काखेत धरलं, मुकादमाच्या जीपमध्ये घातलं आणि थेट बारामतीला नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. जठराच्या आतल्या अस्तराला मोठी जखम झाली होती. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "वाचतील. पण मला खरं सांगा, आजोबा दुखण्यावरच्या गोळ्या घेतात का? डोकेदुखी, सांधेदुखी, काहीही?"

तात्यांनी पडल्या पडल्या मान हलवली. "एक बी न्हाय. आईची आण."

"मग पोटात औषध म्हणून काय जातं?"

"निरवांगीच्या कौसल्याअक्कांची पुडी. जळजळीवर."

डॉक्टरांचा चेहरा राजलक्ष्मीला समजला. आणि राजलक्ष्मीनं घरी फोन केला तेव्हा तो चेहरा तिच्या आवाजातून लासुर्ण्यात पोहोचला.

दुपारपर्यंत दोन्ही गावांत एकच बोलवा झाली: अक्कांच्या पुडीनं तात्यांचं पोट फाडलं. निरवांगीत कौसल्याअक्कांच्या अंगणात रोज सकाळी माणसं बसलेली असायची. दुसऱ्या दिवशी तिथं कुणी नव्हतं. अक्कांनी वाळत घातलेली पेरूची पानं कुणीतरी पायानं उधळून गेलं होतं.

आणि त्याच दिवशी बारामतीच्या एका फार्मसी कॉलेजात प्राध्यापक ऋषिराज पोळ तात्यांच्या घरून आणलेली पुडी तपासत होते. जे सापडलं ते पाहून त्यांनी तपासणी पहिल्यापासून पुन्हा केली. उत्तर बदललं नाही.

२

"मॅडम, तुम्ही रिटायर झालाय हे मला माहीत आहे," ऋषिराज म्हणाले.

"पेरू खा," शबीना मुलाणी म्हणाल्या.

बारामतीच्या कसब्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर त्या तिखटमीठ लावून पेरू खात बसल्या होत्या. औषध निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात नोकरी केली होती. त्यांची गाडी दिसली की दुकानदार कपाटं आवरायला लागायचे. पण त्यांची खरी ख्याती कपाटं उघडण्याची नव्हती. त्या समोरच्याला बोलू द्यायच्या, मध्ये अडवायच्या नाहीत, आणि बोलता बोलता माणूस स्वतःच कपाट उघडायचा.

ऋषिराजांनी सगळं सांगितलं. अक्कांच्या पुडीत पेरूची कोवळी पानं असतात, ज्येष्ठमध असतं, आणि एक साल असते. ही पुडी अक्कांकडे त्यांच्या सासूकडून आली. ऋषिराज तिच्यातल्या फ्लेव्होनॉइडांवर काम करत होते.

"म्हणजे वनस्पतीतला तो पिवळसर अंश," शबीना म्हणाल्या.

"हो. पोटातलं आम्ल आपल्याच जठराला जाळत नाही, कारण आत बुळबुळीत थराचं अस्तर असतं. हे घटक त्या अस्तराला सांभाळतात असं आम्हाला प्रयोगशाळेत दिसायला लागलंय. माणसांपर्यंत जायला अजून वेळ आहे. पण आता प्राचार्य म्हणतात, काम बंद करा. ज्या पुडीनं माणूस रक्त ओकला तिच्यावर कॉलेजचं नाव नको."

"आणि तपासणीत काय निघालं?"

"अक्कांच्या पुडीत जे असायला हवं ते सगळं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती." ऋषिराजांनी आवाज खाली आणला. "डायक्लोफेनॅक."

शबीनांच्या हातातला पेरू थांबला. दुखण्यावरची ही गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. आणि ती सतत घेतली, उपाशीपोटी घेतली, तर पोटाचं अस्तरच विरवते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"अस्तर सांभाळणाऱ्या पुडीत अस्तर खाणारी गोळी," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरांना सांगितलंस का?"

"पहिला फोन त्यांनाच केला."

"मग चल. तात्या शुद्धीत आहेत ना? शपथेवर सांगतात गोळी घेतली नाही म्हणून. मला वाटतं ते खरंच बोलतायत. म्हणून तर हे वाईट आहे."

३

तात्या उशांना टेकून बसले होते. रंग उतरला होता, पण आवाज शाबूत होता. राजलक्ष्मी स्टुलावर बसून होती.

शबीनांनी पुडीचं नावच काढलं नाही. त्यांनी उसाचं विचारलं, तोड कुणाची आहे ते विचारलं, मग तात्यांच्या तब्येतीचं.

"तब्येत? अवो बाई, ह्या दिवाळीला मी मोरगावला गेलतो. देवळाच्या पायऱ्या एका दमात चढलो! गुडघं असं मोकळं झालतं की ईचारू नका."

"कशानं हो?"

"अक्कांच्या पुडीनं. दुसरं कशानं?" तात्या बोलून गेले आणि मग त्यांना आपण कुठं पडलो आहोत ते आठवलं. ते ओशाळले. "आता लोक कायबाय म्हणत्यात. पन मला गुण आला ही खोटं न्हाय. पोट बी शांत असायचं पहिल्यांदा. गुडघ्याला गुण आला म्हणून मग मी सकाळ-संध्याकाळ घ्याया लागलो. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी."

राजलक्ष्मी मान खाली घालून होती. "मीच द्यायची," ती म्हणाली. "कोमट पाण्यात टाकून. गावात म्हणतात सुनेनं काय घातलं असंल."

"कोण म्हणतं?" तात्या उसळले. "हिनं मला गाडीत घातलं नसतं तर मी फडातच गेलो असतो!"

शबीनांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुडी पाण्यात टाकल्यावर कशी व्हायची गं? खाली गाळ राहायचा?"

"न्हाय. मैद्यासारखी असती. ढवळली की एकजीव."

"आणि पुड्या आणायचं कोण?"

"हिंदुरावमामा आणतात, अक्कांचा धाकटा भाऊ. त्यांचं घर आमच्याच गावात हाय. दर आठवड्याला बहिणीकडं जातात आणि पुड्या आणून स्टँडवरच्या संभाजी मेडिकलवाल्याच्या दुकानात ठेवतात. ज्याला पाहिजे तो घेऊन जातो. एक रुपया घेत न्हाईत."

बाहेर आल्यावर ऋषिराज म्हणाले, "बिचारी. गावानं तिलाही सोडलं नाही."

"ऋषिराज, तुझ्या त्या फ्लेव्होनॉइडांनी गुडघे बरे होतात का?"

"असं आम्हाला कुठं दिसलं नाही."

"मग पोटाची पुडी घेऊन एक म्हातारा मोरगावच्या पायऱ्या पळत कसा चढला?" शबीनांनी गाडीचं दार उघडलं. "हे विष त्या फडातल्या दिवशी पडलेलं नाही. ते दिवाळीच्याही आधीपासून जात होतं, आणि सगळं गाव त्याचं कौतुक करत होतं."

४

पहिला संशय मालावरच घ्यायला हवा होता. अक्का ज्येष्ठमध बारामतीच्या आफताब आतारांकडून घ्यायच्या. जडीबुटीचं जुनं दुकान. आफताबभाई शबीनांना ओळखत होते आणि त्यामुळेच घाबरले.

"आपा, माझ्याकडची पूड तपासा, पोती तपासा, पण त्या बाई पूड नेतच नाहीत. त्यांना कुटलेल्या मालावर विश्वास नाही. अख्ख्या काड्या नेतात. प्रत्येक काडी मोडून, चावून बघतात. दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असतं आणि ह्यांचं चावणं चालूच!"

अख्ख्या काडीत गोळी मिसळता येत नाही. शबीना तिथून उठल्या.

निरवांगीत कौसल्याअक्का अंगणात एकट्याच बसल्या होत्या, पुढं दगडी उखळ होतं. काही कुटत नव्हत्या. हात मात्र मुसळावर होता.

"तपासाया आलाय?" त्या म्हणाल्या. "तपासा. डबा तितं हाय. माझ्या सासूनं लोकांना दिलं, मी दिलं. कुणाचं वाईट झालं न्हाय. आन आता जोतीराम तात्यासारखा माणूस..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी दवाखान्यात गेलते त्यांना बघाया. दारातनं मागं आले. काय तोंड दाखवू?"

ऋषिराजांनी डब्यातली पूड कागदावर घेतली. जाडीभरडी होती. ज्येष्ठमधाचे धागे त्यात तसेच दिसत होते.

"एवढीच बारीक करता अक्का?" शबीनांनी विचारलं.

"मुसळानं आनखी किती व्हनार? पोटात जायाचं हाय, तोंडाला लावायचं न्हाय."

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक म्हातारी काठी टेकत आली. शेजारची झुंबरबाई. साऱ्या गावानं पाठ फिरवली होती, पण ही रोज येत होती.

"मी रोज घेते हीच पुडी," ती कुणी न विचारता म्हणाली. "मला काय झालं न्हाय. रोज दातात काडी अडकती तेवढाच काय तो तरास. चार दात हायती, त्यातबी अडकती!"

"आणि गुडघे कसे आहेत आजी?"

"गुडघं?" झुंबरबाई मोठ्यानं हसली. "दिसत न्हाय का ही काठी? गुडघं मसणात गेल्यावरच थांबतील. ह्या पुडीनं पोट थंड ऱ्हातं. गुडघ्याचा आन तिचा काय संबंध?"

शबीना आणि ऋषिराज एकमेकांकडे पाहू लागले.

"तुमचा भाऊ आला होता का अक्का?" शबीनांनी जाताना विचारलं.

"हिंदुराव? सगळ्यात आधी तोच आला. इतका रडला, इतका रडला, की मलाच त्याला गप करावं लागलं. लहानपनापासून तसाच हाय. मला कुनी बोललं की ह्याला लागतं."

गाडी गावाबाहेर पडल्यावर ऋषिराज म्हणाले, "निरवांगीची पुडी आणि लासुर्ण्याची पुडी एक नाही."

"इथली धाग्यांची, तिथली मैद्यासारखी. कुणीतरी ही पुडी सोडून, मिक्सरला लावून, गोळ्या घालून पुन्हा बांधली आहे. आफताबभाई सुटले. अक्का सुटल्या, नाहीतर झुंबरबाईंची काठी सुटली असती. आता बघायचं, लासुर्ण्यात हे तात्यांच्या घरात झालं की घराबाहेर."

५

लासुर्ण्यात लोकांनी पुड्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. फक्त गेणबानं टाकल्या नव्हत्या. गेणबा पारावर बसणारा थकलेला माणूस, त्याचं घराणं तात्यांच्या घराण्याशी बोलतही नव्हतं. शबीनांनी गुडघ्यांचं विचारताच त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि बंडीच्या खिशातून पुडी काढली.

"कुनाला सांगू नका. पन हिच्यामुळंच मी चालतोय. तात्याचं पोट नाजूक असंल. माझं दगडाचं हाय."

"दगडाला पण भोक पडतं, बाबा." शबीनांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "ही आजपासून बंद. उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन पोट दाखवायचं. मी स्वतः विचारायला येणार आहे." पुडी उघडून त्यांनी चिमटीत चोळली. मैदा.

राजलक्ष्मीही सुटली. गेणबाच्या पुडीला तिचा हात कधी लागला नव्हता.

राहिलं स्टँडवरचं दुकान. संभाजी मेडिकलवाला गल्ल्यामागं बसून होता. काउंटरवर प्लास्टिकचा डबा रिकामा पडला होता, ज्यात पुड्या असायच्या.

"मी फक्त ठेवून घ्यायचो," तो म्हणाला. "गावचं काम म्हणून. खरं सांगू का मॅडम, माझं नुकसानच व्हतं. ह्या पुडीपायी माझ्या आम्लपित्ताच्या गोळ्या पडून ऱ्हायल्या. लोक गोळी मागायला यायचे आणि डब्यात हात घालून जायचे. दुखण्याच्या गोळ्या बी खपायच्या बंद झाल्या. आता बरं झालं म्हणायचं का वाईट, मला कळंना."

बाहेर आल्याआल्या ऋषिराजांचा धीर सुटला. "हाच! गोळ्या ह्याच्याकडे, पुड्या ह्याच्याकडे, राग ह्याच्या पोटात. अक्कांना बदनाम करायला ह्यानंच मिसळलं."

शबीना रसवंतीच्या बाकावर बसल्या. "बस. रस घे आणि विचार कर. तुला एखाद्याचं औषध बदनाम करायचं असेल तर तू त्यात काय घालशील?"

"काहीतरी वाईट. ज्यानं जुलाब होतील. मळमळ होईल."

"बरोबर. पुडी घेतली आणि त्रास झाला, की माणूस दुसऱ्या दिवशी पुडी सोडतो. इथं काय झालं? पुडी घेतली आणि गुडघे मोकळे झाले. म्हातारे चालायला लागले. लोक दुप्पट पुड्या मागायला लागले. संभाजीचं गिऱ्हाईक आणखी तुटलं. ऋषिराज, ही पुडी कुणी बिघडवलेली नाही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "ही पुडी कुणीतरी सुधारली आहे."

ऋषिराजांनी मेडिकलच्या दुकानाकडे वळून पाहिलं.

"अक्कांचं नाव व्हावं असं सगळ्यात जास्त कुणाला वाटतं?" शबीनांनी विचारलं.

६

हिंदुराव गोठ्यात म्हशीला वैरण घालत होते. गोरा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. डोळे सुजलेले होते. बहिणीची चौकशी करायला आलेल्या बाई म्हटल्यावर त्यांनी घोंगडी अंथरली आणि आत चहा सांगितला.

"अक्काचा काय दोष न्हाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तिनं आयुष्यात मुंगी मारली न्हाय."

"माझीही तीच खात्री झाली आहे," शबीना म्हणाल्या. "इतकी, की माझ्या थोरल्या बहिणीसाठी पुडी न्यावी म्हणते. तिचे गुडघे फार दुखतात. जाताना निरवांगीला थांबून अक्कांकडूनच घेते."

"तिथली नको," हिंदुराव पटकन म्हणाले. "गुडघ्याला ती..."

आणि थांबले.

म्हैस वैरण चावत होती. आतून घरच्या बाई चहा घेऊन आल्या, कप ठेवून गेल्या. कुणी कपाला हात लावला नाही.

"तिथली का नको, हिंदुराव?" शबीनांनी अगदी हळू विचारलं.

त्यांनी हाताचे तळवे एकमेकांवर घासले. मग म्हणाले, "डागदरनं तात्याला गोळ्यांचं ईचारलं म्हनं. खरं हाय का? दुखन्याच्या गोळीनं पोट फाटतं?"

"फाटतं. सगळ्यांचं नाही. पण रोज घेतली, उपाशीपोटी घेतली, वय झालेलं असलं, तर फाटतं."

"मला ठावं नव्हतं बाई. देवाशपथ ठावं नव्हतं." त्यांचे खांदे हलायला लागले. "पारावर लोक म्हनायचे, तुझ्या बहिनीची पुडी पोटाला बरी, पन गुडघ्याला काय उपेग न्हाय. हसायचे. मला वाटलं, गुडघा दुखला की मी सोता जी गोळी घेतो ती थोडी घातली तर काय बिघडलं? इंदापुरातनं आनायचो. मिक्सरला लावायचो. मग लोक अक्काचं नाव काढाया लागले. गेणबा चालाया लागला, तात्या मोरगावला जाऊन आला. मानसं रस्त्यात थांबवून म्हनायची, तुझी बहीन देवमानूस हाय. मला आजवर कुनी रस्त्यात थांबवलं नव्हतं."

ऋषिराजांना राग धरून बसायचं होतं, पण जमत नव्हतं.

"हिंदुराव," शबीना म्हणाल्या, "पोटाला आतून अस्तर असतं. तुमची बहीण तेच अस्तर शिवत होती. आणि तुम्ही त्याच पुडीत गोळी घालून ते उसवत होतात."

"म्हणूनच कदाचित बाकीचे अजून धड आहेत," ऋषिराज मध्येच म्हणाले. "अक्कांच्या पुडीनं थोडं तरी सांभाळलं असेल."

"असेल," शबीना म्हणाल्या. "तो अंदाज आहे, पुरावा नाही. तो तू प्रयोगशाळेत शोध. ह्यांनी आता करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पोलिसात जाऊन जबाब द्यायचा, मी सोबत येईन. ज्यांना ज्यांना पुड्या दिल्या त्यांना सांगायचं, त्यांची पोटं तपासून घ्यायची. पण सगळ्यात आधी एका माणसाला सांगायचं."

हिंदुरावांनी मान वर केली. कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

७

कौसल्याअक्कांनी सगळं ऐकून घेतलं. भाऊ समोर मातीत बसला होता. शबीना आणि ऋषिराज गाडीपाशीच थांबले होते, तरी त्यांना ऐकू येत होतं.

अक्का ओरडतील असं ऋषिराजांना वाटलं होतं. त्यांनी मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "किती जनांना दिलीस?"

हिंदुरावांनी नावं सांगितली.

"ऊठ," अक्का म्हणाल्या. "चप्पल घाल. मी बी येते."

त्या दुपारी लासुर्ण्यात लोकांनी एक वेगळंच दृश्य पाहिलं. पुढं कौसल्याअक्का, मागं त्यांचा उंच भाऊ, घराघरात चालले होते. प्रत्येक उंबऱ्याशी हिंदुराव स्वतःच्या तोंडानं सांगत होते, काय घातलं, कुणी घातलं. काही घरांनी शिव्या दिल्या. एकानं ढकललं. अक्का हलल्या नाहीत. बोलणं पुरतं झाल्याशिवाय त्यांनी त्याला एकाही उंबऱ्यावरून हलू दिलं नाही. संध्याकाळी शबीनांबरोबर जाऊन हिंदुरावांनी पोलिसात जबाब दिला. पुढचं काय ते कायदा ठरवेल. हिंदुरावांनी वकील विचारला नाही. म्हशीची धार कोण काढेल, एवढंच विचारलं.

सगळ्यांची पोटं तपासून झाली. गेणबाच्या दगडी पोटात छोटी जखम निघाली. तो इतका घाबरला की डॉक्टरांनी पथ्य म्हणून मिरची बंद सांगितली तर त्यानं लोणचं, चटणी, सगळंच बंद केलं.

तात्या घरी आले त्या दिवशी हिंदुराव त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. आत यायची हिंमत होईना. राजलक्ष्मीनं त्यांना पाहिलं आणि ती आत निघून गेली. तिचा राग इतक्यात जाणारा नव्हता, आणि तिनं तो लपवलाही नाही.

तात्यांनी मात्र खुर्चीतूनच हाक मारली. "ये हिकडं. उभा ऱ्हाऊ नको तसा, डोळं दुखत्यात."

हिंदुराव आले. पायाशी वाकायला लागले तसे तात्या खेकसले, "गुडघ्याला हात लावू नको! लई दुखतोय. तुझी पुडी बंद झाल्यापासनं दोन्ही गेलं. आता बारामतीत हाडाचा चांगला डागदर हाय म्हनं. दर बुधवारी दाखवायचं हाय. तू न्हेनार मला. तुझ्या गाडीवर न्हाय, हाडं खिळखिळी व्हत्याल. जीप बघ."

"दर बुधवारी आनतो तात्या," हिंदुराव म्हणाले.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं चहाही आला. दोनच कप होते, पण एक हिंदुरावांपुढं ठेवला गेला.

प्राचार्यांनी ऋषिराजांचं काम पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. ऋषिराजांनी आता एक नवा प्रश्न हाती घेतला होता: दुखण्याच्या गोळ्या ज्यांना घ्याव्याच लागतात, त्यांच्या पोटाचं अस्तर ह्या पिवळ्या घटकांनी खरंच सांभाळता येईल का? उत्तराला वर्षं लागणार होती. पण प्रश्न चांगला होता आणि ऋषिराज सकाळी लवकर कॉलेजात जायला लागले होते.

फेब्रुवारीत शबीना एकदा निरवांगीला गेल्या. कामासाठी नाही, अशाच. अक्कांच्या अंगणात माणसं पुन्हा बसायला लागली होती. पूर्वीपेक्षा कमी होती. अक्का प्रत्येकाला समोर बसवून विचारत होत्या. पुडी आता फक्त त्यांच्या हातून, त्यांच्या दारातच मिळायची. कुणाला नेऊन द्यायची नाही.

गर्दी सरल्यावर शबीना पुढं सरकल्या. "अक्का, मलाही द्या एखादी. चहा फार होतो माझा. जळजळतं."

"रक्तदाबाची गोळी हाय का? ज्येष्ठमध त्याला चालत न्हाय म्हनं. प्राध्यापकानं सांगितलंय."

"नाही. रक्तदाब ठीक आहे."

"दुखन्याची गोळी?"

शबीना जरा घुटमळल्या. "डोकं दुखतं कधीकधी. तेव्हा घेते एखादी."

"कधीकधी म्हंजी?"

"म्हणजे... बहुतेक रोज."

कौसल्याअक्कांनी पुडीकडे गेलेला हात मागं घेतला. शेजारी काठी टेकून बसलेली झुंबरबाई फिसकन हसली.

"बाई, तुमी एवढ्या हुशार," अक्का म्हणाल्या, "आन रोज गोळी खाता? न्हाय मिळायची पुडी. आधी डागदरला जावा, डोकं का दुखतं त्ये ईचारा, गोळी सोडा. मग या."

"एक पण नाही?"

"एक बी न्हाय. उठा."

शबीना मुलाणी उठल्या. नोकरीत असताना त्यांना कुणी असं दारातून परत पाठवलं नव्हतं. गाडीपर्यंत जाईस्तोवर त्या एकट्याच हसत होत्या.